मोटरसायकलमागची तंबूगाडी: आधी जू बघा, तंबू नंतर

रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळ्यावर चहाला थांबलं की कुणीतरी मोबाइल पुढं धरतंच. व्हिडिओत एक दांडगी मोटरसायकल असते, मागं पेटीएवढा ट्रेलर. गडी उतरतो, पेटीचं झाकण उलगडतो आणि पाच-दहा मिनिटांत आतून गादीसकट तंबू उभा राहतो. मग प्रश्न येतो, "असलं आपल्याकडं करता येईल काय?" मी चार वर्षं इंग्लंडात नोकरीला होतो. तिथं एक जुना पॉप-अप ट्रेलर घेऊन वेल्स आणि स्कॉटलंड हिंडलो. परत आल्यावर इथं उद्यमनगरात एक सांगाडाही करून घेतला. म्हणून हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडंच येतो, आणि चहाच्या एका कपात त्याचं उत्तर बसत नाही.

पहिल्याच सफरीत मी काय केलं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. ट्रेलरचं मागचं दार उघडायला सोपं होतं, म्हणून वीस लिटर पाण्याचा कॅन, स्वयंपाकाची पेटी आणि दोन खुर्च्या मागच्या बाजूला कोंबल्या. वेल्समधल्या ए-फाइव्ह रस्त्यावर ताशी ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटरच्या आसपास गेलो आणि कुणीतरी पाठीमागून कंबर धरून डावी-उजवी हलवतंय असं वाटायला लागलं. हँडल शांत होतं, सीट नाचत होती. ब्रेक न लावता नुसती रेस सोडली, वेग हळूहळू उतरू दिला आणि कडेला थांबलो. कपलरची, म्हणजे ट्रेलर बाइकला अडकवणाऱ्या तोंडाची, कडी सोडली तर ट्रेलरची दांडी आपोआप वर उचलली गेली.

करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात हे कुणालाही सांगावं लागत नाही. ऊस भरलेल्या बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसायला लागतो. गाडी उलाळ झाली म्हणतात. आजोबा बैल जुंपायच्या आधी जू हातानं उचलून बघायचे. हलकं लागलं तर दोन मोळ्या पुढं, फारच जड लागलं तर एक मोळी मागं. इंग्रजांच्या देशात भर रस्त्यात उभं राहून मला तेवढंच करायचं होतं. पाण्याचा कॅन पुढं आणला, पेटी आसाच्या जरा पुढं घेतली. डोलणं थांबलं.

ट्रेलर निवडायला जाणारे बहुतेक जण तंबू उघडून बघतात, गादीवर बसून बघतात. दांडी कुणी उचलून बघत नाही.

कागद, आणि मगच लोखंड

भारतात करायचं असेल तर पहिली खेप फॅब्रिकेटरकडं नको, आरटीओत मारा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या दुसऱ्या कलमात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुट्या होणाऱ्या साइडकारचा उल्लेख आहे. ट्रेलरची व्याख्या वेगळी आहे आणि त्यातून साइडकार वगळलेली आहे. 'मोटार वाहन' या शब्दात मात्र ट्रेलर धरलेला आहे. याचा सरळ अर्थ असा की ट्रेलर म्हणजे कॅरिअरवर बांधलेलं सामान नव्हे, ते स्वतंत्र वाहन आहे. त्याची नोंदणी, त्याचा विमा आणि त्याची नंबर प्लेट हे सगळं आलं.

दुसरी गोष्ट बाइकची. कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे. उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. फ्रेमला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा लोखंडी आधार, जोडणं त्यात येतं का, हे मिस्त्री सांगणार नाही आणि मीही सांगणार नाही. बाइकचं मॉडेल, ट्रेलरचं रेखाचित्र, भरल्यावरचं वजन आणि दिव्यांची जागा एका कागदावर मांडा, अर्ज करा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी "चालतंय की" पुढं अपघाताच्या दाव्यात उपयोगाला येत नाही. माझा अर्ज गेलाय, आणि माझा सांगाडा तोपर्यंत शेताच्या खासगी रस्त्यावरच फिरतोय. एमएच ०९ ची पाटी लागल्याशिवाय त्याला डांबर दिसणार नाही.

उत्तर नकारार्थी आलं तर हात हलवत परत यायचं कारण नाही. मोटरसायकलवरच्या हलक्या पेटीसाठी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०२० मध्ये मापं घालून दिली आहेत: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत. पेटी मागच्या सीटच्या जागेवर ठेवली तर बाइकवर चालवणारा एकटाच. एकट्याचा तंबू, चटई आणि चूल एवढ्यात बसते. परदेशात राहणाऱ्या किंवा तिकडं बाइक भाड्यानं घेऊन फिरणाऱ्या मंडळींना मात्र पुढचं सगळं आज लगेच कामाला येईल.

तुमची बाइक किती ओढेल

"माझ्या गाडीला टॉर्क भरपूर आहे," हे उत्तर नाही. ओढणं सोपं असतं, थांबवणं अवघड. आणि ट्रेलर हलका असला तरी तो बाइकला ढकलतो, तेही वळणात.

मला सगळ्यात पटलेला हिशेब ब्रिटनच्या नियमांतला आहे. तिथं १२५ सीसीपेक्षा मोठी बाइक लागते. भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा बाइकच्या कर्ब वेटचा (पेट्रोल-तेलासकट, पण माणूस-सामानाविना वजनाचा) दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल त्याच्या आत हवं. ट्रेलरची रुंदी १ मीटरपर्यंत, आणि बाइकच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेपटीपर्यंतचं अंतर २.५ मीटरपर्यंत. हे नियम आपल्याला लागू नाहीत, पण मोजपट्टी म्हणून उत्तम आहेत.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्या. कर्ब वेट १९६ किलो. दोन तृतीयांश म्हणजे साधारण १३० किलो, आणि हे ट्रेलर, तंबू, गादी, पाणी, भांडी सगळं मिळून. रिकामा ट्रेलर ८० च्या पुढं गेला तर तुमच्या हातात पन्नास किलोही उरत नाहीत. १८३३ सीसीची होंडा गोल्ड विंग असेल तर दोन तृतीयांश १५० च्या वर जातो, म्हणून तिला १५० चीच मर्यादा. गंमत म्हणजे होंडाच्या पुस्तिकांत ट्रेलर किंवा साइडकार जोडू नका असं बजावलेलं असतं, आणि जगभर ट्रेलर ओढताना सगळ्यात जास्त दिसते ती गोल्ड विंगच. तुमच्या बाइकच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते वाचा. कंपनी नको म्हणत असेल तर वॉरंटी आणि विमा दोन्ही कुठं जातात याचा विचार तुम्हीच करायचा.

आणखी एक आकडा लोक विसरतात. हिचवर येणारा भार हा बाइकच्या पाठीवरचाच भार असतो. चालवणारा, मागे बसणारं माणूस, साइड बॅगा आणि हिचवरचे पंधरा-वीस किलो, सगळ्यांची बेरीज बाइकच्या कमाल वजनाच्या आत बसली पाहिजे. बायको मागे बसणार असेल तर आमच्या घरी ही बेरीज मी एकट्यानंच करतो.

पेटी कुठली घ्यायची

पॉप-अपचे ढोबळ दोन घाट. पहिल्यात झाकण बाजूला किंवा पुढं उलटतं आणि तेच पलंगाचा अर्धा भाग होतं. तंबू झाकणाला जोडलेला असतो, तो त्याच्याबरोबर ताणला जातो. दुसऱ्यात छप्पर सरळ वर उचलतं आणि चारी बाजूंनी कापड खाली येतं. पहिला हलका, कमी भानगडीचा. दुसऱ्यात उभं राहायला जागा मिळते, पण कड्या, कात्र्या आणि बिजागऱ्या वाढतात, आणि जे हलतं ते एक दिवस अडतंच. मी पहिल्याच्या बाजूचा. पाठ टेकायला जमिनीपासून वर कोरडी जागा, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो. उभं राहायचं असेल तर बाहेर मैदान आहे.

अमेरिकेतले ट्रेलर ऐसपैस असतात, ब्रिटनचे आखूड. २.५ मीटरच्या नियमात बाइकची शेपूट आणि दांडी वजा केली की पेटीला दीड मीटरच्या आसपास उरतं. म्हणून तिथला पलंग उलगडूनच पूर्ण होतो. आपल्या गल्लीबोळांत आणि पार्किंगमध्ये आखूडच बरा.

जुना ट्रेलर बघायला जाताना तंबू बंद असतानाच आधी नाक लावा. कुबट वास आला तर बुरशी कापडात शिरलेली आहे, ती धुऊन जात नाही. मग झाकणाच्या कोपऱ्यातलं प्लायवूड अंगठ्यानं दाबा. अंगठा रुतला तर परत फिरा.

उद्यमनगरातला किस्सा

नवा करून घ्यायचा तर कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही लोखंडाला आकार देणारे हात सापडतात. अडचण एकच: आपल्या मिस्त्रींच्या हाताला ट्रॉली म्हणजे उसाची ट्रॉली हे वळण आहे.

मी रेखाचित्र दिलं आणि आठ दिवसांनी गेलो. सांगाडा तयार होता, ५० बाय ५० च्या पाच मिलिमीटर जाडीच्या अँगलमध्ये. मिस्त्रीमामा त्यावर चढून उड्या मारून दाखवत होते. "हत्ती बसवा, काय होत न्हाई."

"मामा, ह्यात ऊस भरायचा नाही, झोपायचंय."

तो अँगल मीटरला ३.८ किलो भरतो. सांगाड्याला साधारण चौदा मीटर लागले, म्हणजे नुसत्या लोखंडाचे त्रेपन्न किलो. शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर चाकांसकट ठेवला तर काटा चौऱ्याण्णववर. दुसऱ्यांदा ४० बाय ४० चा दोन मिलिमीटरचा चौकोनी पाइप वापरला. तो मीटरला सव्वादोन-अडीच किलोत बसतो. तिथंच वीस किलो वाचले आणि ताकद पुरेशी राहिली. दांडीला मात्र मामांचं ऐकलं. तिथं जाड पाइप आणि सांगाड्याच्या जोडाला तिरकी पट्टी. सगळे धक्के त्या एका जोडावर येतात, आणि तडा जायचा तर तिथंच जातो.

वेळेचंही बघा. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी दसरा-दिवाळीच्या सुमाराला सगळे ट्रॉल्यांच्या दुरुस्तीत बुडालेले असतात. तेव्हा तुमचं हे खेळणं कोपऱ्यात पडून राहतं. मार्च उलटला की जा.

हिच: इथं पैसा वाचवू नका

हिच बाइकच्या मुख्य फ्रेमला किंवा स्विंगआर्मजवळच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याजवळच्या) भक्कम जागी बोल्टनं बसली पाहिजे. मागच्या कॅरिअरला किंवा ग्रॅब रेलला नव्हे. ते भाग खाली दाबणारा भार सोसतात, मागं ओढणारा आणि कडेला पिळणारा नाही. शक्य असेल तिथं त्या मॉडेलसाठीच बनवलेला हिच घ्या.

हिचवर एक लोखंडी बॉल असतो, त्यावर ट्रेलरच्या दांडीचा कपलर बसतो. युरोपात ५० मिलिमीटरचा बॉल चालतो. कपलरच्या तोंडावर बॉलचं माप कोरलेलं असतं. दोन्ही मापं एकच आहेत हे डोळ्यांनी वाचा. जरा लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटतो.

बाइकच्या ट्रेलरला वेगळी अशी एक गोष्ट लागते, ती म्हणजे स्विव्हल. कार वळणात झुकत नाही, बाइक झुकते. ट्रेलर मात्र दोन चाकांवर सपाटच राहतो. नुसता बॉल काही अंशांपर्यंत फिरू देतो आणि मग अडतो. अडला की एकतर बाइक झुकायची थांबते, नाहीतर ट्रेलरचं एक चाक उचललं जातं. म्हणून कपलरच्या मागं दांडीतच गोल फिरणारा जोड हवा. त्याचा आणखी एक फायदा: उभ्या उभ्या बाइक हातातून निसटून आडवी झाली तरी ट्रेलर सरळ उभा राहतो. विकत घेताना दांडी हातात धरून कपलर पूर्ण फिरवून बघा. खरखर लागली तर आतले बुश झिजून गेलेले आहेत.

सुरक्षेच्या साखळ्या दोन, दांडीखाली एकमेकींना फुली मारून. कपलर सुटला तर दांडी त्या फुलीच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. बाइक पूर्ण झुकली तरी ताणू नयेत एवढ्या सैल, पण जमिनीला घासू नयेत एवढ्या आखूड.

आता आजोबांचं जू. पूर्ण भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यायला हवा. १३० किलोच्या ट्रेलरला १३ ते १९ किलो. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळे रचून कपलर बाइकच्या बॉलच्या उंचीवर आणा आणि आकडा वाचा. दांडी त्याहून वर किंवा खाली असेल तर आकडा फसवा येतो.

आकडा जुळवायचा हिशेब शाळेतला आहे. आसापासून बॉलपर्यंत १८० सेंटिमीटर अंतर असेल आणि १५ किलोची बर्फपेटी आसाच्या ९० सेंटिमीटर पुढं ठेवली, तर बॉलवर साडेसात किलो वाढतात. तीच पेटी आसाच्या मागं तेवढ्याच अंतरावर ठेवली तर साडेसात किलो घटतात. म्हणजे एक पेटी इकडची तिकडं केली की पंधरा किलोचा फरक. माझ्या ए-फाइव्हवरच्या नाचाचं सगळं गणित हेच होतं. बऱ्याच ट्रेलरना पुढं दांडीवर बर्फपेटीचा ट्रे असतो, तो शोभेसाठी नसतो. फक्त प्रवासात बर्फ वितळला, पाणी संपलं की भार बदलतो हे ध्यानात ठेवा. सामान भरण्याआधी चाचणी घ्यायची असेल तर २५ किलोची तांदळाची पोती वापरा, ती वेगळी तोलावी लागत नाहीत.

चाकं, आस आणि खड्ड्यांचं तिसरं गणित

परदेशी ट्रेलरना आठ इंची किंवा बारा इंची रिम असते. आठ इंची चाक दिसायला गोंडस, पण खड्ड्यात खोल उतरतं आणि फार फिरतं. रिक्षाचा ४.००-८ टायर घेतला तर त्याचा घेर सव्वा मीटरच्या आसपास, बाइकच्या चाकाचा दोन मीटरच्या आसपास. बाइकचं चाक एकदा फिरतं तेव्हा हे दीडदा. बेअरिंगला विश्रांती नाही.

तरीही इथल्यासाठी मी रिक्षाचंच चाक निवडलं, एकाच कारणानं. मलकापूर असो की राधानगरी, रिक्षाचा टायर आणि ट्यूब नाही असा पंक्चरवाला सापडणं कठीण. बारा इंची चाक चालायला सरस आहे, आणि तुमचा मार्ग हमरस्त्याचाच असेल तर तेच घ्या. स्टेपनी मात्र दोन्ही बाबतीत हवीच, आणि बाइकच्या टूलकिटमधला पाना ट्रेलरच्या नटाला लागतो का ते घरीच बघा.

हवा टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका. तो आकडा पूर्ण भारासाठी असतो. हलका ट्रेलर टणक टायरवर चेंडूसारखा उडतो. थोडी थोडी कमी करत जा, आणि मागून येणाऱ्या मित्राला बघायला सांगा.

निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबायचं आणि दोन्ही हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या तुंब्यांना, पालथा हात लावायचा. कोमट चालेल. हात टेकवत नसेल तर बेअरिंग फार आवळलंय किंवा ग्रीस संपलंय. एक थंड आणि एक गरम हे दोन्ही कोमट असण्यापेक्षा वाईट. दर मोठ्या थांब्याला हे करायचं, चहा सांगण्याआधी.

आणि खड्डे. बाइक एका रेषेत चालते, ट्रेलर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन. म्हणजे रस्त्यावर तुमच्या तीन चाकोऱ्या पडतात. सवयीनं तुम्ही खड्डा बाइकच्या चाकातून चुकवता आणि तो नेमका ट्रेलरच्या डाव्या चाकाखाली जातो. खड्डा मधून घ्यायचा की कडेनं, हे मेंदूला नव्यानं शिकवावं लागतं. मला दोन आठवडे लागले आणि एक रिम गेली.

दिवे

वायरी पाच: अर्थिंग, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा. अर्थची वायर स्वतंत्र ओढा. बॉल आणि कपलरच्या लोखंडातून अर्थ मिळतो असं इलेक्ट्रिशियन म्हणेल, पण ग्रीस लावलेल्या बॉलमधून तो खड्ड्यागणिक तुटतो आणि दिवे लुकलुकतात. बाइकच्या वायरिंगवर थेट भार टाकू नका. मध्ये रिले असलेला आयसोलेटर बसवा, म्हणजे ट्रेलरकडं शॉर्ट झालं तरी बाइकचा फ्यूज उडत नाही. ट्रेलरचे दिवे एलईडीचेच घ्या, पण इंडिकेटर भराभर मिचकायला लागला तर तो बाइकच्या फ्लॅशरचा (इंडिकेटर मिचकावणाऱ्या भागाचा) प्रश्न असतो, दिव्याचा नव्हे.

मागच्या कडेला लाल रिफ्लेक्टर पट्टी पूर्ण रुंदीभर लावा. हंगामात रात्री आपल्या रस्त्यांवर उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या बघितल्यात ना, समोर येईपर्यंत दिसत नाहीत. तुमची पेटी तर त्यांच्या गुडघ्याएवढी.

तंबू आणि आतलं सामान

कापडात निवड दोनच. सुती-पॉलिएस्टर मिश्र कॅनव्हास श्वास घेतो, आत दव धरत नाही, पण जड असतो आणि वाळायला दिवस खातो. नुसतं पॉलिएस्टर हलकं, लवकर वाळणारं, पण पहाटे आतून ठिबकतं. वजनाची मर्यादा १३० किलो असताना मी पॉलिएस्टर घेईन, वर वेगळं पावसाचं आच्छादन आणि दोन्हींत चार बोटं फट. सुती कॅनव्हास नवा असेल तर पहिल्या सफरीआधी गच्चीवर उभारा, पाइपनं चिंब भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा. धागे फुगून शिवणीची भोकं बुजतात. पहिल्या भिजवण्यात गळला म्हणून घाबरू नका.

पावसाळ्यात गगनबावडा आणि आंबोलीकडं कुठलाही तंबू न्यायचा मोह आवरा. तिथला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. इरलं घेतलेला माणूस तिथं गुडघ्यापासून खाली भिजतोच, तुमची शिवण काय टिकणार.

गादी चार इंची, घट्ट फोमची. मऊ फोम फळीपर्यंत दबतो. विकत घेण्याआधी त्यावर कुशीवर वळून दहा मिनिटं पडा, दुकानदार बघत असला तरी.

विजेला १२ व्होल्टची, २० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी पुरते. तिच्यात २५६ वॉट-अवर असतात. पाच वॉटचा दिवा पाच तास, दोन फोन आणि दहा वॉटचा पंखा रात्रभर धरला तर रोजचे १३०-१३५ जातात. दोन रात्रींना थोडी कमीच पडते.

चूल, भांडी आणि तिखट-मिठाचा डबा एका पेटीत, आणि ती पेटी बाहेर निघणारी. कितीही पाऊस असो, गॅस किंवा कोळसा तंबूत पेटवायचा नाही. कापड पेटण्याच्या आधी कार्बन मोनॉक्साइड माणूस झोपवतो, आणि त्याला वास नसतो. स्कॉटलंडात तीन दिवस ओली भडंग खाऊन काढले, पण चूल आत घेतली नाही. पाणी मुक्कामाच्या जवळ भरा. दहा लिटर म्हणजे दहा किलो, ते घाटभर ओढायचं कशाला? चार कोपऱ्यांचे टेकू, चाकांचे दोन ठोकळे आणि झाकणावर आडवी ठेवायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली, एवढ्यात ट्रेलर सपाट लागतो.

प्रत्येक वस्तूचं वजन झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. सफरीगणिक दोन-दोन किलो वाढत जातात, आणि लिहिलेलं असलं की चोरी पकडता येते.

चालवायला शिका, मोकळ्या जागेत

आधी रिकामा, मग निम्म्या भाराचा, मग पूर्ण. ब्रेक लावून थांबायला किती अंतर लागतं ते खुणा करून मोजा. एवढ्या हलक्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. वळणात ट्रेलर आतून कापतो, म्हणून दगडाला वळसा नेहमीपेक्षा रुंद घ्या. मागं घेणं जवळपास विसराच, दोन हातांत ट्रेलर आडवा होतो. त्यामुळं नाक भिंतीकडं करून कधीच लावायचा नाही. पेट्रोल पंपावर सुद्धा बाहेर पडायची वाट बघूनच आत शिरायचं.

डोलायला लागला तर मी केलं तेच: ब्रेक नाही, रेस हळू सोडायची, हँडल घट्ट न आवळता सरळ. घाट उतरताना वळणाच्या आधी गिअर खाली आणि वेग कमी, वळणात पुढचा ब्रेक नाही. करूळसारख्या घाटात मागून ढकलणारे १३० किलो आणि ओला रस्ता एकत्र आले की ब्रेकला फार मागायचं नसतं. ब्रिटनमध्ये ट्रेलर लावल्यावर साध्या रस्त्याला ५० आणि मोटरवेला ६० मैलांची मर्यादा आहे. मी ५० च्या वर कधी गेलो नाही, आणि पहिल्यांदा ५० च्या आसपास गेलो तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

परत आल्यावर

तंबू ओला मिटून घरी आणला असेल तर त्याच दिवशी गच्चीवर उघडा, उद्या नाही. दोन दिवसांत काळे ठिपके येतात. पावसाळ्यात चार महिने ठेवायचा असेल तर सांगाडा विटांवर उचला म्हणजे टायर एका जागी चपटे होत नाहीत, बॅटरी काढून घरात ठेवा, हबमध्ये ताजं ग्रीस भरा आणि बॉलला प्लास्टिकची टोपी घाला.

आणि पेटीत खाण्याचा कण सोडू नका. मागच्या श्रावणात मी भडंगाची अर्धी पिशवी आत विसरलो. गोठ्यातल्या उंदरानं पिशवी खाल्ली, मच्छरदाणीला तळहाताएवढं भोक पाडलं आणि चार इंची फोमात बाळंतपण उरकलं.